चुडीबाजा आणि कुलपाचा रांजण

आधी लातूरच्या गिरिजाअव्वांचं नाव घेतो, मग पुढचं सांगतो. मी पदवीधर झालो तो त्यांच्या भाकरीवर. कंधारकडच्या खेड्यातून शिकायला आलो तेव्हा मी वार लावून जेवायचो — सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अव्वांचा गुरुवार होता. बहात्तरच्या दुष्काळात एकेका घरानं आपला वार काढून घेतला. त्यांना तरी काय बोलणार... त्यांच्याच चुली थंड होत्या. ते सुटलेले सगळे वार अव्वांनी स्वतःकडे घेतले. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. असा झाला.

अमानवीय म्हणतात तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. आवाज म्हणजे कंपन, कंपन थांबलं की आवाज संपला — हे फळ्यावर लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. आजही मी तेच खरं मानतो. म्हणूनच त्या दुपारी ऐकलं ते कुठं ठेवावं हे कळत नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, जिकडंतिकडं चुन्याचा वास. आणि पाऊस मात्र नाही. अव्वांचा मुलगा बसवराज आडत दुकान चालवायचा. त्याचा निरोप आला — घरातला जुना ग्रामोफोन चालू करून दे, नव्या साहेबांना भेट द्यायचाय.

पाठोपाठ अव्वांचाही निरोप आला, अर्धापूरहून. पाण्याचे हाल म्हणून बसवराजनं त्यांना तिथं भाचीकडे पाठवलं होतं. केळीचा मुलूख, विहिरीला पाणी होतं. निरोप एवढाच — "बाजा चालू झाला की मला न्यायला ये. शांताला एकदा ऐकू दे."

शांता म्हणजे अव्वांची थोरली. निजामाच्या राज्यात, बसवराजच्या जन्माआधी, पाच वर्षांची असताना पटकीनं गेली. त्याच्या आदल्या वर्षी अव्वांच्या मालकांनी हैदराबादहून ते यंत्र आणलं होतं. पोरीला कर्ण्यासमोर उभं करून पूजेतलं वचन म्हण म्हणाले. तिनं वचन म्हटलं नाही. कर्ण्यात डोकं घालून म्हणाली, "आप्पा, ह्याच्यात आंधार हाय," आणि हसत सुटली. तेवढंच मेणाच्या नळीवर उमटलं. जेवताना अव्वांनी मला हे कितीदा तरी सांगितलं होतं. पुढं यंत्र बंद पडलं, पण ती मेणाची नळी त्यांनी कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती.

मी गेलो. फडकं काढलं आणि बघतो तर हा ग्रामोफोन नव्हताच. तबकडी ठेवायला जागाच नाही, आडवा गुळगुळीत धातूचा दंडगोल. त्यावर मेणाची पोकळ नळी बांगडीसारखी चढवायची. ग्रामोफोनच्याही आधीचा हा फोनोग्राफ. हैदराबादकडं ह्याला चुडीबाजा म्हणत, आणि नळीला चुडी.

"साहेबाला चालंल न्हवं?" बसवराजनं विचारलं.

"वेळ लागेल. किल्लीची स्प्रिंग जाम झालीय."

"लाग की मग. सातीच्या साती वार जेवला आमच्यात. आता एक सोमवार काम कर."

मी हसलो. लागलं, पण हसलो.

स्प्रिंगवरचं ग्रीस वाळून डांबर झालं होतं, ते रॉकेलनं सोडवलं. चामड्याचा पट्टा हातात आला तोच भुगा झाला. जुन्या पिशवीचा बंद कापून नवा शिवला. आवाजाच्या डबीतला अभ्रकाचा पडदा तडकला होता, तिथं बिघडलेल्या इस्त्रीतला अभ्रक बसवला. किल्ली दिली तर दंडगोल एका लयीत फिरायला लागला... मला अव्वांचं तोंड दिसायला लागलं.

"कर्णा कुठंय?"

"रांजनावर," बसवराजची बायको महानंदा म्हणाली.

ओसरीच्या कोपऱ्यात, जमिनीत अर्धा पुरलेला रांजण. वर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप. पाणी चोरीला जायचं ना तेव्हा. झाकणाला भोक पाडून त्यात कर्णा उलटा खोचला होता, टँकरचा पाइप सोडायला. थेंब सांडत नव्हता.

"आणि चुडी? अव्वांच्या ट्रंकेतली मेणाची नळी?"

महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. मग रांजणाकडं. रांजणाच्या पोटावर बोटभर रुंदीची तपकिरी रेघ होती.

"तडा गेलता बगा. रात्रीतून निम्मं पानी जिरायचं. मला काय म्हाईत ते काय हाय. मेन व्हतं, वितळून भरलं."

"मीच दिलं काढून," बसवराज म्हणाला. "बगू नको असा, मास्तर. जित्ता लेक घरात, आन् आव्वानं जल्मभर कान लावला त्या मेलेल्या पोरीला. तिच्या आवाजानं तहान भागती का? आता भागली."

मी रॉकेलचं फडकं पिळत राहिलो. त्याच्या घरातलं अन्न माझ्या अंगात होतं. आणि अव्वांना काय सांगायचं ते सुचेना.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. महानंदा पाइप ओढायला धावली. मी उगीच, हाताला काम पाहिजे म्हणून, यंत्राला किल्ली दिली. भर दुपार. दंडगोल उघडा फिरत होता. सुई उचललेली, कशालाच टेकलेली नाही. कर्णा माझ्यापासून लांब, रांजणावर. पाइप अजून आत सोडलेला नव्हता.

कर्ण्यातून लहान पोरगी हसली.

"आप्पा, ह्याच्यात आंधार हाय."

मी दचकून यंत्राचा खटका दाबला. दंडगोल मंदावला तसा तो आवाज जाड झाला, लांबला आणि थांबला. बसवराज उभ्या जागी गोठला होता. मी खटका सोडला. आवाज चढत चढत पुन्हा पोरीचा झाला. आणि अव्वांनी कधीच न सांगितलेलं एक वाक्य आलं.

"आव्वा कुठाय?"

महानंदाच्या हातातला पाइप सुटला. अंगणात पाणी वाहत होतं, कोणी उचलायला हललं नाही.

"पाइपात हवा अडकली असंल," बसवराज म्हणाला. मीही मान हलवली. नंतर तिघांनी मिळून किती किल्ल्या दिल्या... नुसती घरघर.

मागाहून कळलं, दुसऱ्या दिवशी महानंदानं कुलूप काढलं, रांजणातलं सगळं पाणी उपसून गल्लीत ओतलं आणि वरवंट्यानं रांजण फोडला. त्या दुष्काळात, भरला रांजण. पाइपातली हवा म्हणणारा बसवराज बाजूला उभा राहून बघत होता. एका शब्दानं अडवलं नाही त्यानं. कर्णा घासून यंत्राला लावला आणि यंत्र साहेबांकडं गेलं. तिथं ते दिवाणखान्यात शोभेला राहिलं म्हणतात.

मी बरीच पुस्तकं चाळली. मेण वितळलं की त्यावरची रेघ पुसली जाते, एवढंच पुस्तक सांगतं. ती शेवटची ओळ नळीवर आधीपासून होती का, हे सांगणाऱ्या एकट्या अव्वा. त्यांना पुढं पावसाळा लागला तरी कोणी परत आणलं नाही. त्या अर्धापूरलाच वारल्या. माझ्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. रांजण फुटायच्या आदल्या संध्याकाळी, बसस्टँडवर बसून लिहिलेल्या त्या पत्राची माझ्याकडची नक्कल ही —

ती. गिरिजाअव्वांस सा. न.

बाजा दुरुस्त झाला. चुडी मात्र राहिली नाही, रांजणाच्या तड्यात गेली. महानंदावहिनींना रागावू नका, त्यांना माहीत नव्हतं. तरीही आज शांताचा आवाज आला. मी शपथेवर लिहितो. अंधार आहे म्हणाली, हसली. मग विचारलं, आव्वा कुठाय. घरातलं कोणी बोलेना, म्हणून मीच कर्ण्याजवळ जाऊन सांगितलं — अर्धापूरला आहेत, पाऊस पडला की येतील.

आपला,
माणिक