सातेरीचा हिवाळा

लग्न होऊन मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आले तेव्हा सासरच्या गच्चीवर मधमाश्यांची एक लाकडी पेटी होती. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. सासरे गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आमच्यात सासऱ्यांना मामा आणि सासूला अत्ती म्हणतात. मामांना खादीच्या कचेरीतून ही पेटी मिळाली होती आणि वापरायचं थोडं शिक्षणही. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू यायचं. माश्यांची गुणगुण तर त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नसे. ते पेटीच्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवायचे आणि थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे. आतली थरथर हाताला कळते, म्हणायचे.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. नव्या सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं तरी काय? त्यातून त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे आणि सासऱ्यांवर ओरडायला जीभ रेटत नसे. नवरात्राच्या आधी एका सकाळी मी वाळवण घालायला गच्चीवर गेले, तर ते पेटी उघडून बसले होते. मी लांबच उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

"भितीस का पोरी?"

"भीत नाही. बघू का?"

त्यांना ऐकू गेलं नाही, पण मी पुढे सरकले तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी एक चौकट उचलून माझ्यापुढे धरली. पोळ्यावर काळपट, पट्ट्यापट्ट्यांच्या माश्या दाटीनं चालत होत्या. मी पुस्तकातल्या मधमाशीच्या चित्रावर मुलींना नावं लिहायला लावत होते आणि खरी माशी इतक्या जवळून मी कधी पाहिलेलीच नव्हती.

ही आपल्याकडची सातेरी माशी. एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधते, अंधारात राहते, कपारीत, ढोलीत. पेटीतही राहते, पण मन लागलं तरच. नाही लागलं तर एक दिवस सगळा संसार टाकून उठून जाते. हे मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी पुढे जे झालं ते झालंच.

मामांनी वाचनालयातून मधमाश्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यांना इंग्रजी अक्षर लावून वाचता यायचं, अर्थ मात्र मी सांगायचा, असं हळूहळू ठरून गेलं. पुस्तक कुठल्याशा बर्फाच्या देशातलं. हिवाळ्याआधी काय काय करावं यावर त्यात मोठं प्रकरण होतं. माश्यांना साखरेचा पाक पाजावा, पेटीचं दार बारीक करावं, पेटीला चोहोबाजूंनी उबदार वेष्टन करावं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहायचे आणि मामा ते वाचून मान डोलवायचे.

"पण मामा, आपल्याकडे बर्फ कुठं पडतो?" मी पाटीवर लिहिलं.

"थंडी पडते की. पौषात पहाटे चादर लागत नाही का तुला?"

लागत होती. मग माशीला का लागू नये, असं मलाही वाटलं.

पहिली अडचण साखरेची आली. साखर रेशनवर मिळायची आणि दिवाळी तोंडावर आलेली. अत्ती कानडी मुलखातल्या. किड्याला त्या हुळा म्हणायच्या. मामांनी पाकासाठी साखर मागितली तेव्हा त्या डबा मांडीशी घेऊन बसल्या.

"हुळांना साखर आणि माणसांना गुळाच्या करंज्या? लोकं काय म्हणतील?"

मामांनी न ऐकल्यासारखं केलं. ते त्यांना सोयीचं होतं. शेवटी मी म्हटलं, माझ्या वाटणीचा चहा गुळाचा करा. अत्तींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वाटीभर साखर काढून दिली. नंतर दर आठवड्याला न मागता वाटी ओट्यावर ठेवलेली असायची.

पाक पिऊन माश्या वाढल्या, पोळी भरली. आणि एके दिवशी पोळ्याच्या खालच्या कडेला मला काही वेगळ्याच कोठड्या दिसल्या. नेहमीच्या कोठड्यांपेक्षा मोठ्या, वर टोपीसारखं टोकदार झाकण, आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध टाचणीनं पाडावं तसं भोक. मामा म्हणाले, या नर माश्यांच्या कोठड्या. भोक कशाचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी शाळेतून भिंग आणलं. भिंगातून बघता बघता एका माशीच्या पाठीवर काहीतरी हललं. आळिवाच्या दाण्यासारखं तांबूस, पण त्याहून बारीक आणि चपटं. चिमट्यानं धरायला गेले तर ते माशीच्या पोटाखाली सरकलं. दुसरं सापडलं ते मी काडेपेटीत घालून शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. लांबीपेक्षा रुंदी जास्त, खेकड्यासारखं. पाय मोजले, आठ भरले. म्हणजे हा किडा नव्हे, हा कोळ्यांच्या, गोचिडांच्या गोतातला. त्या दिवशी मी दहावीच्या वर्गावर उशिरा पोचले.

घरी येऊन पाटीवर लिहिलं, 'माशीची गोचीड.' मामांनी ते दोन शब्द वाचले.

"म्हशीला असते तशी? रक्त पिणारी?"

मी मान हलवली.

"मग झाकणाची भोकं हिनंच पाडली," ते म्हणाले. मलाही ते पटलं. चोर सापडला होता आणि घर फोडल्याची खूणही.

खादी कचेरीचा फिरता निरीक्षक येऊन गेला. तो घाईत होता. गंधकाची पूड भुरभुरा किंवा तंबाखूचा धूर द्या, गोचीड गुंगी येऊन खाली पडते, असं सांगून तो निघून गेला. तंबाखूची आमच्याकडे वाण नव्हती. शेजारच्या अंगणात विड्या वळायला बायका बसायच्या. त्यातल्या घरमालकिणीला सगळे अक्का म्हणत. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी, आमच्याशी तिचं मराठी बोलायची. सुपातला तंबाखूचा चुरा तिनं ओंजळभर दिला.

"माशांना विडी पाजता काय तुमी?" तिनं विचारलं आणि सगळ्या बायका हसल्या.

पेटीच्या तळाला एरंडेल लावलेला पांढरा कागद सरकवला आणि मामांनी भात्यानं धूर दिला. थोड्या वेळानं कागद ओढून काढला तर त्यावर तांबूस ठिपके चिकटलेले. मी भिंगाखाली एकेक बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "पडल्या." सासऱ्यांवर मी ओरडले ती पहिलीच वेळ. ते हसले.

यश मिळालं की हात थांबत नाही. चार दिवसांनी आम्ही पुन्हा धूर दिला. मग पुन्हा. तोवर मार्गशीर्ष लागला, पहाटे गार वारं सुटू लागलं आणि मामांनी पुस्तकाबरहुकूम पेटीला गोणपाट गुंडाळलं, वरून जुनी चादर बांधली, दार दोन माश्या जाण्याएवढं ठेवलं. पहाटे ते ठीक होतं. पण सोलापूरचं दुपारचं ऊन मार्गशीर्षातही ऊनच असतं. दुपारी माश्या दाराबाहेर येऊन पंख हलवत उभ्या राहायच्या. आत उकडत होतं म्हणून त्या वारा घालत होत्या, मी त्याला पहारा समजत होते.

एका शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले, तर अक्का आमच्या दारात उभी.

"बाई, तुमच्या माशा आमच्या शेवग्यावर आल्या. बायका कामावरून उठल्या सगळ्या. मामांना बोलवा."

मी आधी गच्चीवर धावले. चादर सोडून झाकण काढलं. पेटीत पोळी होती, माश्या नव्हत्या. मधाच्या कोठड्या कोरड्या करून गेल्या होत्या. मागे राहिलेल्या चार-दोन माश्या रिकाम्या पोळ्यावर इकडून तिकडे चालत होत्या. मामा माझ्या मागून आले. त्यांनी सवयीनं फळीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"आपण उठवलं त्यांना," ते म्हणाले. "घरात धूर, दारात गर्दी, अंगावर गोधडी. मीसुद्धा गेलो असतो."

अक्काच्या शेवग्याच्या खालच्या फांदीला माश्यांचा घोस लोंबत होता, नारळाएवढा. विड्यांची सुपं तशीच टाकून बायका ओसरीत दाटीनं उभ्या होत्या. मामांनी पेटी धुऊन पुसून उन्हात ठेवायला सांगितलं. अत्तींनी ते काम अंगावर घेतलं, कोणी न सांगता. चिंचेच्या पाण्यानं तांब्या घासावा तशी त्यांनी पेटी आतून घासली. तंबाखूचा वास जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग मामा शिडीवर चढले, घोसाखाली वेताची टोपली धरली आणि फांदीला एकच हिसका दिला. अर्ध्या माश्या टोपलीत, अर्ध्या हवेत. मी खाली शिडी धरून उभी होते. केसांत, पदरात माश्या शिरल्या, पण एकही चावली नाही. घर सोडलेल्या माशीला राखायला काही नसतं, म्हणून ती चावत नाही, हे मामांनी नंतर सांगितलं. शिडीवर ते सांगत बसले असते तरी मला ऐकायची शुद्ध नव्हती. टोपलीत राणी होती, कारण हवेतल्या माश्या हळूहळू टोपलीवर उतरू लागल्या. मग मामांनी टोपली पेटीत उपडी केली आणि दिवस कलायच्या आत त्या पेटीत परतल्या. मामांनी दाराला राणी अडेल इतक्या बारीक फटींची जाळी लावली आणि गोणपाट, चादर खाली नेऊन टाकली.

"आता आपण काही करायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं बघायचं."

माझ्या आयुष्यातला तो फार सुंदर महिना गेला. रोज सकाळी शाळेआधी मी पेटीजवळ बसायचे. आठवड्यानं जाळी काढली, माश्या गेल्या नाहीत. नवं पोळं पांढरंशुभ्र बांधलं. त्यांना थंडी वाजत असेलच, तर ती त्या एकमेकींना चिकटून भागवत होत्या. पहाटे झाकण किंचित उचललं की चेंडूसारखा गोळा दिसायचा आणि ऊन चढलं की तो विरघळून जायचा.

आणि एका रविवारी मी ती गोष्ट पाहिली. मामांनी बाहेरच्या बाजूची चौकट हातात धरली होती आणि मी भिंग लावून बसले होते. एका माशीच्या पाठीवर गोचीड होती. ती माशी एकाएकी अंग घुसळू लागली, डावीउजवीकडे, ओल्या मांजरानं झटकावं तशी. पायांनी पाठ गाठायचा प्रयत्न केला, जमेना. तेवढ्यात शेजारची एक माशी तिच्याजवळ आली. मग आणखी दोघी. पहिली पंख पसरून स्वस्थ उभी राहिली, न्हाव्यापुढे मान द्यावी तशी, आणि बाकीच्या तिचं अंग तोंडानं चाचपू लागल्या. एकीनं गोचीड जबड्यात धरली, ओढली आणि घेऊन चालू लागली.

मी तळाचा कागद काढला. आता कुठला धूर नव्हता, काही नव्हतं, तरी कागदावर तीन-चार गोचिडी होत्या. भिंगाखाली पाहिलं तर कुणाचे पाय तुटलेले, कुणाच्या पाठीला चावल्याची खोक. माश्या स्वतःच त्यांना मारत होत्या. कदाचित पहिल्यापासूनच मारत होत्या आणि आम्ही मध्ये धूर करत होतो.

मामांना हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्यांनी माझ्या हातून भिंग घेतलं आणि अत्तींनी जेवायला हाका मारून मारून ताटं झाकून ठेवली तोवर ते तिथून उठले नाहीत.

भोकांचंही कोडं सुटलं. पौषात पुन्हा नरांच्या कोठड्या झाल्या, पुन्हा भोकं. मी काही कोठड्यांवर नजर ठेवली. भोकं असलेल्या कोठड्यांतून धडधाकट नर बाहेर आले. म्हणजे भोक गोचिडीचं नव्हतं, ते सातेरीच्या घडणीतलंच होतं. उलट ज्या थोड्या कोठड्यांची भोकं माश्यांनी मेणानं बुजवून टाकली होती, त्यांतून कुणीच आलं नाही. मामांनी त्यातली एक सुरीनं उघडली. आत मेलेला नर आणि त्याच्याबरोबर कोंडलेल्या गोचिडी.

"दार लिंपून घेतलं," मामा म्हणाले.

निरीक्षक पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, असेल, म्हणाला, आणि गंधकाची पुडी ठेवून गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पुढे खूप वर्षांनी वाचनात आलं की आपल्याकडच्या माशीची ही रीत जुनीच आहे, तिचं आणि त्या गोचिडीचं वैर पिढ्यान् पिढ्यांचं. तेव्हा मात्र आम्हाला वाटत होतं की जगात हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे.

पौष संपताना पेठेत फुलोरा राहिला नाही. माझं माहेर बार्शीकडचं आणि तिथं वडिलांच्या रानात करडई फुलायला आली होती. मामांनी पेटीच्या दाराला जाळी ठोकली आणि सकाळच्या एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, काय हाय पेटीत? मामांना ऐकू आलं नाही, म्हणून मी सांगितलं. आमच्या आजूबाजूच्या बाकांवर बार्शीपर्यंत कोणी बसलं नाही. एक म्हातारी तेवढी जवळ आली, पेटीला कान लावला आणि म्हणाली, "गात्यात की."

माझे वडील आणि मामा लग्नात भेटले होते तेवढेच. त्या दिवशी दोघं करडईच्या बांधावर पेटी ठेवून उकिडवे बसले. पिवळ्या फुलांवर माश्या तासाभरातच उतरल्या. वडिलांचा आवाज रानातला, मोठा. त्यांना मामांशी बोलायला वेगळं ओरडावं लागत नव्हतं.

"काट्यातनं बी मध काढत्यात ह्या?"

"काढतात. घाई केली नाही तर."

फाल्गुनाच्या सुरुवातीला मध काढला. दोन बाटल्यांहून थोडा जास्त निघाला. वडिलांनी बोट बुडवून चाखला आणि "लई दाट हाय की," म्हणाले. एक बाटली अत्तींनी अक्काकडे पाठवली. उरलेला घरात कुणी खोकलं की चमचा चमचा निघायचा. पेटी मामांनी करडई निघेपर्यंत बांधावरच ठेवली आणि दर रविवारी ते एकटे एसटीनं बार्शीला जाऊ लागले. मी विचारलं, माश्या बघायला का? ते म्हणाले, "तुझ्या वडिलांशी बोलायला. त्यांचं मला सगळं ऐकू येतं."