ड्रायलिंगची ढुशी

आमच्या लीबर्ग कॉलेजच्या मैदानावर कुणी रेषेपार जाऊन गुण घेतले की टाळ्या पडतात, आणि कुणी कुणाला आडवं केलं की भोंगे वाजतात. तीन बाजूंच्या कुंपणाला नाक लावून पिकअप उभ्या असतात, आत माणसं थर्मास घेऊन बसलेली. धडक जितकी जबर तितका भोंगा लांब. दोन्हींत मान कशाला जास्त, हे सांगायला नको.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू काखोटीला मारून समोरच्या अकरा जणांतून वाट काढायची. मी, ऑटो फान्नेनश्टील, चढाईच्या पुढच्या फळीचा कोच. फळी म्हणजे पाच धिप्पाड पोरं. त्यांनी चेंडूला हात लावायचा नाही, समोरच्याला रेटत राहायचं. ती पाच पोरं माझी. बाकी सगळी चढाई म्हाताऱ्या कोच व्हर्जिल ड्रायलिंगची, आणि ती त्याने जन्मभर एकाच पायावर उभी केली होती. तो पाय म्हणजे ढुशी.

ढुशीत मधला गडी मान खाली घालून सरळ भिंतीत घुसतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू वाटणारा गडी, चेंडू त्याच्या पोटाशी धरतो आणि समोरचा एक गडी कुठे झुकतो ते बघून ठरवतो, की चेंडू मधल्याकडेच सोडायचा का काढून घेऊन बाहेरून पळायचं. मधल्याला हे आधी कळत नाही. चेंडू मिळो न मिळो, त्याने आपटायचं. समोरच्यांनाही कळत नाही, म्हणून तेही त्याला दर वेळी आपटतात. फोर्ट हेवर्ड कॉलेजवाल्यांची तर शिकवणच ती होती, की चेंडू गेला खड्ड्यात, मधल्याला फोडा. त्यांचे दोन मागचे गडी दोन बाजूंनी धावत येत आणि मधल्याला अडकित्त्यातल्या सुपारीसारखं धरत.

ड्रायलिंगला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा बरीचशी गेली. तेव्हा त्याच्या जागी आर्कान्सासहून कर्टिस बॅस्कम आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा, शाळेच्या पोरांना शिकवून आलेला. मुख्य कोच श्रेडरने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं, "घर ड्रायलिंगचं आहे. तू भाडेकरू. पडदे बदल, भिंती पाडू नकोस."

मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. प्रत्येक नवा कोच आपल्या चालींची आपली नावं घेऊन येतो, पोरं ती पाठ करेपर्यंत अर्धा हंगाम संपतो. बॅस्कमने तसं केलं नाही. ड्रायलिंगने काही लिहून ठेवलेलं नव्हतं, त्याची चढाई पोरांच्या तोंडी होती. हा पोरांनाच विचारत फिरला. "या चालीला तुम्ही काय म्हणता? तुझा पहिला पाय कुठला?" मी त्याला टोचलं, "पगार शिकवायचा घेतोस आणि स्वतःच शिकत बसलास?"

"साठ पोरांनी माझी भाषा शिकण्यापेक्षा मी एकट्याने त्यांची शिकलेली बरी," तो म्हणाला. मी थुंकलो.

सरावाच्या वेळी ड्रायलिंगची पिकअप कुंपणाशी येऊन उभी राहायची. त्याची बायको गाडी चालवायची आणि तो शेजारी बसायचा. ढुशी चांगली बसली की डावा हात लांब करून भोंगा दाबायचा.

मधला होता जोनास वेर्थ. गावातलाच, गव्हाच्या शेतावरचा. त्याचा बाप याच जागी खेळला होता, बापाचा भाऊही. मान अशी की शर्टाचं बटण लागत नसे. मधल्याचं हेल्मेट हंगामभर पुसायचं नाही, अशी आमची रीत. समोरच्यांच्या हेल्मेटचा रंग घासून त्याच्यावर बसतो, तो मिरवायचा. जोनासच्या हेल्मेटचं कपाळ ऑक्टोबरपर्यंत लाल, निळं, पिवळं झालं होतं. एका सामन्यात त्याने समोरच्याचे दोन दात पाडले आणि आपल्या दंडात रुतलेला दाताचा तुकडा शाळकरी पोराने आंबा दाखवावा तसा सगळ्यांना दाखवला.

दर रविवारी चर्चच्या तळघरात जेवण असतं. बीन्स घातलेलं तिखट खिमा-कालवण, ज्याला आम्ही चिली म्हणतो, आणि त्याच्यासोबत दालचिनीचा गोड रोल. बाहेरचे नाक मुरडतात, मुरडोत. ड्रायलिंगच्या शेजारची खुर्ची आठवड्यातली सगळ्यात जबर धडक देणाऱ्याची. तिथे जोनासच बसायचा. एका रविवारी बॅस्कम त्याच्या समोर बसला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "जोनास, उजव्या हाताने खा."

"मी डावरा झालोय, कोच."

"कधीपासून?"

पोरं हसली. जोनासने चमचा उजव्या हातात घेतला. तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच बोटं सुटली आणि चमचा ड्रायलिंगच्या मांडीवर पडला. जोनासने खाली मान घालून सांगितलं, की धडक बसली की मानेतून बोटांपर्यंत वीज जाते, मग हात काही वेळ दुसऱ्याचाच वाटतो. आधी मिनिटभर वाटायचं, हल्ली दुसरा दिवस उजाडतो.

बॅस्कमने आपला डावा हात टेबलावर ठेवला. त्याची शेवटची दोन बोटं मिटत नसत. आम्हाला वाटायचं, जन्मापासून असतील. "मीसुद्धा मधला होतो," एवढंच तो म्हणाला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डॉक्टरने मान तपासली आणि सांगितलं, खेळू द्या, पण मानेवर मार नको. श्रेडर खो खो हसला. "म्हणजे पाण्यात उतर, पण भिजू नकोस." मग हसणं गिळून तो बॅस्कमला म्हणाला, "फोर्ट हेवर्डला हरलो तर तुझं सामान बांध. आणि वेर्थ मैदानावर दिसला पाहिजे. तो नसला तर ते आपल्याला भीक घालणार नाहीत." त्यात खोटं काही नव्हतं. सगळी चढाई त्या एका पोराच्या धाकावर चालत होती.

बॅस्कमने नावं तीच ठेवली, फळीची पावलं तीच ठेवली. आपटायचं काम मात्र मधल्याच्या बाजूच्या दोघांत वाटलं. कधी उजवा, कधी डावा गडी आत घुसू लागला आणि जोनास बाहेरून हात हलवत पळू लागला. जोनास पेटला. सरावानंतर त्याने हेल्मेट माझ्या पायाशी आपटलं. "मला नवरीसारखं मिरवतायत, कोच. माझा बाप कुंपणाशी बसून बघतो."

"मग मर," मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे. "पण आधी त्या माणसाच्या बोटांकडे बघ."

मग बॅस्कमने रेषेजवळ आल्यावर वापरायची एक चाल काढली. चाल म्हणजे ड्रायलिंगचीच ढुशी, हुबेहूब. जोनास मान खाली घालून येणार, दोघे मागचे गडी त्याला चिरडायला धावणार, आणि शेवटच्या पावलाला जोनास अंग चोरून दोघांच्या मधून निसटणार. त्यांच्या पाठीमागे कुणी उरलेलंच नसेल. क्वार्टरबॅकने चेंडू डोक्यावरून अलगद टाकायचा. फळ्यावर चाल सोपी होती, जोनासच्या अंगात ती बसेना. त्याला आयुष्यात कुणी टाळायला शिकवलंच नव्हतं. समोर माणूस दिसला की खांदा आपोआप खाली जाई. आमचे दोन पोरगे त्याने लागोपाठ लोळवले. एकाच्या नाकातून रक्ताची धार लागली. कुंपणावरून ड्रायलिंगचा भोंगा वाजला.

बॅस्कमने सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः त्या जागी उभा राहिला. हेल्मेट नाही, खांद्याला गाद्या नाहीत, अंगात नुसता सदरा.

"आता ये," तो म्हणाला. "मला लागलं तर मी मोडेन. टाळ."

मी ओरडलो, "कर्टिस, डोकं फिरलंय का तुझं?" तोवर जोनास सुटला होता. त्याने टाळायचा प्रयत्न केला, मी पाहिलं. पण खांदा त्याचं ऐकत नव्हता. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि बॅस्कम पाठीवर पडला, तोंड उघडं, श्वास आत जाईना. जोनास रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, लोकांचे दात पाडणारा, गवतावर बसून रडला. बॅस्कम माझा हात धरून उठला, बरगडी एका हाताने दाबली आणि पुन्हा त्याच जागी उभा राहिला.

"परत."

दुसऱ्यांदा जोनास आला, मान खाली, तोच वेग, आणि शेवटच्या पावलाला वळला. बॅस्कमचा सदरा फडफडला, बाकी काही झालं नाही. कुंपणाकडून आवाज नव्हता. न लागलेल्या धडकेला काय वाजवायचं, हे ड्रायलिंगला ठाऊक नव्हतं.

फोर्ट हेवर्डच्या दिवशी वारा गुरांच्या वाड्यांकडून वाहत होता, सगळ्या मैदानाला शेणाचा वास. त्यांचा चव्वेचाळीस नंबरचा मागचा गडी पहिल्यापासून जोनासला शोधत होता. जोनास बाहेरून नुसता पळतोय हे बघून तो खवळला. "ए वेर्थ, आत ये की. आईने नको म्हटलंय का?" जोनासने दात खाल्ले, पण सांगितलं तेच केलं. आमचा उजवा गडी आत घुसून घुसून अर्धमेला झाला, ओठ फाटला, हिरडीतून रक्त. माझ्या फळीतल्या एकाचं बोट उलटं वळलं. मी ते ओढून सरळ केलं आणि त्याला परत ढकललं. मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू, दगडावर दगड घासावा तसा तो सामना मला आवडत होता.

शेवटी आम्ही चार गुणांनी मागे होतो, रेषेपार गेलं की सहा मिळतात, रेषा दोन पावलांवर, आणि एकच चाल हातात. बॅस्कमने जोनासला आत पाठवलं. त्याला मधल्या जागेवर उभं राहताना पाहून कुंपणावरच्या सगळ्या गाड्या वाजू लागल्या. चव्वेचाळीस हसला. मी पाहिलं, तो खरंच हसला. लग्नात नवरा हसतो तसा.

चेंडू सुटला. जोनास मान खाली घालून धावला. चव्वेचाळीस डावीकडून आला, त्याचा जोडीदार उजवीकडून, दोघेही डोकी पुढे करून, सगळं अंग त्यात घालून. शेवटच्या पावलाला जोनास तिथे नव्हता.

तो रेषेपलीकडे एकटा उभा होता. चेंडू त्याच्या हातात अलगद पडला. आम्ही जिंकलो होतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्या दोघांकडे बघत होते. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा तसा आवाज मी एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. जोडीदार गुडघ्यांवर रांगत ओकत होता. चव्वेचाळीस पालथा पडला होता, एक हात अंगाखाली, आणि पाय जसे पडले तसेच होते.

भोंगे वाजू लागले. तिन्ही बाजूंनी, एकदम, न थांबता. एवढी धडक लीबर्गने पाहिली नव्हती. बॅस्कम बरगडी धरून आत धावला, त्या पोराशेजारी गुडघ्यावर बसला, मग उठून कुंपणाकडे दोन्ही हात हलवत सुटला. "थांबवा. त्याला ऐकू येतंय, थांबवा." एकेक गाडी गप्प झाली. ड्रायलिंगची सगळ्यात शेवटी, तीसुद्धा बायकोने त्याचा हात उचलून बाजूला ठेवला तेव्हा.

बॅस्कम रुग्णवाहिकेमागे विचिटाच्या इस्पितळात गेला. तो थेट रविवारी जेवणाला आला, त्याच कपड्यांत, वाकून चालत. तळघरात जिंकल्याचा कल्ला होता. श्रेडरने जोनासला खांद्याला धरून त्या खुर्चीत बसवलं होतं. ड्रायलिंग त्याच्या गुडघ्यावर डाव्या हाताने थापट्या मारत होता.

"मी कुणाला मारलंच नाही, कोच," जोनास पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ही खुर्ची माझी नाही."

"मग कुणाची?" श्रेडर हसला.

बॅस्कम टेबलाशी उभा राहिला. "इसाया पेटवेची," तो म्हणाला. "चव्वेचाळीस नंबर. मानेचा मणका तुटलाय. छातीखाली काही हलत नाही."

मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली, तो बसला नाही. तो माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, कळेना. "मला वाटलं, मी ढुशीतला मार काढून टाकला. काढला नव्हता, ऑटो. फक्त दुसऱ्या दारात नेऊन ठेवला."

"तू त्याला मारायला सांगितलं नव्हतंस," मी म्हणालो.

"ते दोघे येणार हे मला माहीत होतं. त्यावरच तर चाल उभी होती." मग तो जोनासकडे वळला. "त्याची आई ओक्लाहोमाहून आली. मी नाव सांगितलं, कुठला कोच तेही सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारेल. तिने एकच विचारलं. माझा मुलगा ज्याच्यावर धावून गेला, त्या पोराला लागलं नाही ना?"

जोनासने विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही. त्याला काही लागलं नाही."

जोनासचा उजवा हात मानेकडे गेला. बोटं नीट चालत होती. तो उठला, आपली ताटली उचलली आणि माझ्या फळीच्या पोरांत येऊन बसला. ड्रायलिंग रिकाम्या खुर्चीवर थापट्या मारत राहिला, कुणीतरी येऊन बसावं म्हणून. कुणी गेलं नाही.