अडगळीच्या खोलीतला भूकंप

कंधारच्या माझ्या घराखालून जमिनीची भेग जाते, हा शोध मी निवृत्तीनंतर लावला. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून एवढं मोठं काम हातून झालं नव्हतं!

पुतणी सुजाता लातूरला भूकंपाचा अभ्यास करते. तिनं आमच्या अडगळीच्या खोलीत फरशीवर धक्के टिपणारं यंत्र बसवलं. "मोठे बाबा, वीज गेली तर तेवढं कळवा. मोबाईलवर आलेख दिसतो, पण त्याच्या नादी लागू नका." (भूगोलाच्या मास्तरला सांगते!)

पहिल्या सकाळी मी यंत्रापुढं फरशीवर नारळ फोडला. श्रद्धा म्हणून नव्हे, ती मी केव्हाच सोडली, सावधगिरी म्हणून. दुपारी आलेख पाहिला, तर सात वाजून दहा मिनिटांनी ठळक धक्का! घाबरून दुसऱ्या दिवशी दोन नारळ फोडले. धक्के दोन! तिसऱ्या दिवशी पाच फोडले. आलेखात धक्केही पाच!

शेजारच्या प्लॉटवर धाकट्या भावाचं, दिगंबरचं घर उभं राहत होतं. त्याचा स्लॅब उद्यावर आला होता. मी कागदावर भेगेची रेघ ओढली. ती नेमकी त्याच्या देवघरातून गेली.

"दिगंबर, स्लॅब थांबव!"

"आरं दादा, मिक्सर सांगितलाय, मजूर येऊन राहिलेत!"

"जीव मोठा का स्लॅब मोठा?"

विटांवर पाणी मारणारा पाइप टाकून तो मटकन बसला. भावजयीनं पदर डोळ्याला लावला. "लगीन झाल्यापासून पत्र्याखाली हाय मी, भावजी. आता मरेस्तोर तिथंच का?"

दिगंबरनं फोन केल्यावर संध्याकाळच्या बसनं सुजाता आली. माझा नकाशा तिनं उलटा-सुलटा करून पाहिला.

"मोठे बाबा, खरा भूकंप गावोगावच्या सगळ्या यंत्रांना कळतो, थोडा मागं-पुढं. त्या वेळांवरून धक्क्याची जागा आणि खोली काढतो. असे पुष्कळ धक्के मांडले, की भेग कशी तिरपी गेलीय ते दिसतं. तुमचे धक्के हिमायतनगरच्या यंत्राला न्हाईत, लातूरच्या न्हाईत. फक्त अडगळीत हायेत! सकाळी सात-दहाला काय करता?"

मी नकाशाची घडी घालू लागलो.

"त्यांना काय इचारती?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मला इचार. तीन दिवस झाले, आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, आज तर पिठल्यात घातलं!"

सुजाता पहाटेच्या बसनं परत गेली. स्लॅब ठरल्या वेळी पडला. त्याआधी दिगंबरनं सगळ्या मजुरांसमोर नारळ माझ्या हातात दिला.

"फोड, दादा. पर आधी लातूरला फोन करून सांग."

मी केला.