काकांची बाग टोरांटोत होती

आमच्या समोरच्या दारातल्या काकांनी जेवढं टोरांटो पाहिलं आहे, तेवढं खुद्द टोरांटोत जन्मलेल्या माणसानंही पाहिलं नसेल. आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकाही फेरीत त्यांचं स्वतःचं तिथे काडीचंही काम नव्हतं. काम असायचं ते आमच्यासारख्यांचं. अमेरिकेतल्या आयसेलिन गावातल्या आमच्या इमारतीत तेव्हा निम्मी दारं पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्यांची होती. भारतात जाऊन परत यायचं तर पासपोर्टवर व्हिसाचा ताजा शिक्का हवा, तो देशाबाहेरच्या अमेरिकन वकिलातीतच मिळणार, आणि बाहेरचा सगळ्यात जवळचा देश म्हणजे कॅनडा. शिक्का मिळाला तर गाडीत बसून घरी. नाही मिळाला तर तिथूनच थेट भारत, आणि मागे बायको, गाडी, भाड्याचं घर, फ्रीजमधलं दूध, सगळं जिथल्या तिथं. याला आम्ही ‘स्टॅम्पिंगला जाणं’ असं साधंसुधं नाव दिलं होतं, पण जाणाऱ्याचा चेहरा आठ दिवस आधीपासून उतरलेला असे. तसा चेहरा जिन्यात दिसला की काका विचारत, “कधी निघायचं?” मी जाऊ का, येऊ का, असलं काही नाही. थेट कधी निघायचं.

काका मूळचे नागपूरचे, इथे रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, आणि नागरिकत्व मिळून जमाना झालेला. म्हणजे त्यांना कुठल्या शिक्क्याची गरज नाही आणि कुठल्या वकिलातीची भीती नाही. तरी सुट्टीचे दिवस ते लोकांच्या स्टॅम्पिंगसाठी साठवून ठेवत. गाडीच्या डिकीत चहाचा थर्मास, काकूंनी केलेला तिखटजाळ चिवडा, एक जुनी चादर आणि इस्त्री केलेल्या मोठ्या पांढऱ्या रुमालांची चळत. एवढे रुमाल कशाला, असं पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला वाटे. मुलाखत संपून माणूस बाहेर आला की काका त्याचा मोबाईल काढून स्वतःच्या खिशात टाकत. “हॉटेलात जायचं नाही. तिथं बसून त्या फोनकडे बघत राहशील. आला तर मी सांगतो ना. चल, बागेत जाऊ.”

बागेत म्हणजे एका बागेत नव्हे. टोरांटोतली झाडून सगळी हिरवळ काका पासपोर्ट मिळेपर्यंत पायाखाली घालत. सकाळी तलावाकाठच्या वाटेनं चालायचं, मग बोटीनं समोरच्या बेटावर जाऊन बदकांच्या घोळक्यात चिवडा खायचा, दुपारी ऊन वाढलं की काचेच्या घरातल्या बागेत शिरायचं. तिथे एक केळीचं झाड होतं. “घे, भारताचं तिकीट न काढता केळीखाली बसलास,” असं म्हणून ते थर्मास उघडत. आमच्यातल्या एकानं एकदा हट्ट धरला की इतक्या लांब आलोय तर तो जगप्रसिद्ध उंच मनोरा तरी बघू या. काका म्हणाले, “उंचावर गेलं की पोटात गोळा येतो. तुझ्या पोटात आधीच एक आहे. दुसरा कशाला?” झालं, मनोरा खालूनच पाहिला गेला. त्याचा फोटो काढताना काकांनी मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

तिथल्या बाकांवर कुणाकुणाच्या स्मरणार्थ पितळी पट्ट्या लावलेल्या असतात. काका त्या सगळ्या वाचून पाठ करून बसले होते. “आज मार्गारेटबाईंकडे टेकू, तिथं सावली असते,” किंवा “हेन्रीसाहेबांच्या बाकाला रंग दिलेला दिसतो, उद्या बघू,” असं ते इतकं सहज म्हणत की नवख्या माणसाला वाटे, काकांचे इथे बरेच ओळखीचे आहेत. बसण्याआधी पट्टीला हलकासा नमस्कार करत आणि उठताना “येतो हं” म्हणत. मार्गारेटबाई कोण होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण एकदा कुणीतरी त्यांच्या बाकावर कॉफीचा कप ठेवून गेलं होतं, तेव्हा काका घरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखे दिवसभर चिडलेले होते.

आणि फुलं! काकांइतका फुलांचा वेडा माणूस मी पाहिलेला नाही, असं आम्ही सगळेच छातीठोकपणे सांगत असू. फुललेल्या झाडापाशी उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागे. नाक लाल होई, आवाज बसे, मग एकामागून एक रुमाल निघत. कुणी काही विचारलं तर “गाडीतल्या एसीनं सर्दी झाली रे” म्हणून सांगत. आम्ही एकमेकांकडे बघून माना हलवायचो. काय हा हळवा माणूस, भावना लपवायला सर्दीचं नाव पुढे करतो! अशा रसिकाच्या घरात एकही कुंडी नाही, काकूंची तुळससुद्धा आमच्या बाल्कनीत, हे मला कधी खटकलं नाही. “आमच्याकडे ऊन येत नाही,” असं काकूंनी सांगितलं होतं आणि ते मला पटलं होतं.

माझी पाळी आली ती मे महिन्यात. पुण्याला बाबांची बायपास ठरत होती, कधीही धावावं लागलं असतं, म्हणून शिक्का आधीच घेऊन ठेवायचा होता. माझ्या बायकोला, मीनलला, सातवा महिना लागला होता. मुलाखतीत माझा पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात एक चिठ्ठी दिली: आणखी चौकशी होईल, फोन येईपर्यंत थांबा. किती दिवस, ते कुणी सांगेना. काका म्हणाले, “बरं झालं, हाय पार्क नीट बघून होईल.” त्यांनी सुट्टी वाढवली, काकू रात्री मीनलच्या सोबतीला झोपायला जाऊ लागल्या, आणि मी रोज काकांच्या मागून हाय पार्क नावाच्या त्या अफाट बागेतून चालत राहिलो. तळं, बदकं, लोकांची पोरं, कशातच माझं लक्ष नव्हतं. एका दुपारी काकांनी मला लायलकच्या झुडपांपाशी नेलं. जांभळी फुलं गच्च आली होती. त्या वासात उभं राहिल्यावर मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, “काका, डिलिव्हरीच्या वेळी मी पुण्यात अडकलो तर? व्हिसा रिजेक्ट केला तर मीनलचं काय होणार?”

काकांनी खिशातून रुमाल काढला. त्यांचे डोळे लाल झाले होते, गालांवर पाणी होतं. तोंड पुसून ते बसक्या आवाजात म्हणाले, “चल, त्या पुढच्या झाडापर्यंत जाऊ. सध्या तेवढंच काम आहे आपल्याला.” आम्ही पुढच्या झाडापर्यंत गेलो. मग त्याच्या पुढच्या. अशीच सगळी रांग संपवून परत फिरलो तेव्हा त्यांच्या खिशातला माझा फोन वाजला. काकांना नेमक्या शिंकांवर शिंका येत होत्या, तशातच त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. वकिलातीतून बाई बोलत होत्या. पासपोर्ट तयार होता. मी काकांना मिठी मारली, आणि त्यांनी मला एका हातानं लांब ढकलत दुसऱ्या हातानं पुन्हा शिंक आवरली.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं, मी जाऊन वेळेत परतलो. मुलगी झाली तेव्हा मी इथेच, मीनलच्या उशाशी होतो. काकांचे आभार कसे मानावेत या विचारात मी नर्सरीत जाऊन मोठ्या हौसेनं लायलकचं एक बुटकं झाड कुंडीसकट आणलं आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. काकूंनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. “अरे बाप्पा! हे काय आणलंस? ह्यांना फुलांची ॲलर्जी आहे. डॉक्टरांनी बागेत पाऊलसुद्धा टाकू नका म्हणून बजावलंय. माझी तुळस तुझ्या घरी काय हौसेनं ठेवली का मी?”

मी कुंडीकडे बघत म्हणालो, “पण मग टोरांटोला... एवढ्या बागा?”

“गोळ्या खातात आणि जातात,” काकू म्हणाल्या. आतल्या खोलीकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज उतरवला. “आमची प्राजक्ता झाली तेव्हा मी नागपूरला होते. ह्यांचे कागद अडकलेले. हे निघाले असते तर परत येता आलं नसतं, आणि मला इकडे येऊ देत नव्हते. किती दिवस एका खोलीत फोनजवळ बसून होते हे, नोकरीवरून आले की फोनजवळ. पोरगी पाहिली ती एकदम चालायला लागल्यावर. अजून म्हणतात, तेव्हा मला कोणी हाताला धरून बाहेर नेलं असतं तर फार बरं झालं असतं.”

आतून काकांच्या खोकल्याचा आवाज आला. काकूंनी कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि मी ती मुकाट्यानं आमच्या बाल्कनीत, तुळशीशेजारी नेऊन ठेवली. त्या दिवशी त्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी एसीचं नाव पुढे केलं असतं.

काका निवृत्त झाले आणि प्राजक्ताकडे पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला राहायला गेले. समोरच्या दारात आता दुसरे कुणी राहतात, भले लोक आहेत, पण जिन्यात भेटले की हवामानाबद्दल बोलतात. गेल्या वर्षी आम्ही तिघं टोरांटोला नुसते फिरायला गेलो. मनोऱ्यावर जाऊन आलो. माझी मुलगी वरून खूप वेळ तलाव बघत होती. मी मात्र संध्याकाळी एकटाच मार्गारेटबाईंचा बाक शोधून त्यावर बसून आलो आणि उठताना “येतो हं” म्हणालो.

दर मे महिन्यात काकांचा फोन येतो. मुलीची चौकशी होते, माझ्या ग्रीन कार्डाची होते, आणि मग ते हळूच विचारतात, “काय रे, फुललं का?”

“फुललंय काका. गच्च फुललंय.”

आणि मग तीन हजार मैलांवरून, त्या फुलांपासून इतक्या सुरक्षित अंतरावरून, काका नाक ओढतात. गाडीतल्या एसीचं ते आता काही बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.