गारांत सापडलेल्या भोरड्या

काल सिंदी मेघेत अवकाळी गारा पडल्या. शेजारच्या गोठ्यातून भिजल्या कडब्याचा वास आला आणि मी थेट तळेगावच्या आमच्या खळ्यावर पोचले. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी सात-आठ वर्षांची असेन.

फाल्गुनात भोरड्या, ती साळुंकीएवढी पाहुणी पाखरं, आपल्या देशी परतायच्या आधी पळसावर गर्दी करायच्या. अंग गुलाबी, डोकं काळं. त्या दिवशी गारांनी आणि थंड वाऱ्यानं त्यांना असं झोडपलं की ओल्या पंखांनी उडताच येईना. आईनं खळ्यात पडलेल्या वेचल्या, गोणपाटावर ठेवून वर डालं झाकलं, आत मूठभर ज्वारी टाकली.

तेवढ्यात मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पोतं घेऊन आले. "आमची जवारी खाऊन माजल्या ह्या. आण इकडं, रस्सा करू."

आता आई काही त्यांच्यासमोर बोलत नसे. पदर ओढून मलाच म्हणायची, "सांग मोठ्या बाबाले." मी निरोपाची वाट पाहत उभी. पण ती डाल्यावर हात ठेवून सरळ त्यांनाच म्हणाली, "पिकावर आल्या तवा म्याच हाकलल्या. आता आसऱ्याले आल्या, देणार नाई."

मोठे बाबा गडबडले. "उद्या याच राशीवर बसतीन."

"बसू द्या. उद्याचं भांडण उद्या करू."

ऊन पडलं, आईनं डालं उचललं, भोरड्या भुर्रकन उडाल्या. मी तेव्हा पाखरांकडेच पाहत राहिले.

पुढे कितीतरी वर्षं मोठे बाबाच पाहुण्यांना सांगायचे, "मले तोंडावर नाई म्हणणारी एकच बाई हाय, आमच्या धाकट्याची बायको." सांगताना त्यांची छाती फुगायची. माझी तर अजून फुगते.