अनुराधाची व्हर्जिनियातली गाडी

अमेरिका सोडून अनुराधाला चौदा वर्षं झाली, पण व्हर्जिनिया काही तिला सोडायला तयार नव्हतं. नोकरी इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, घर इथलं, मुलगी तनिषा इथल्याच शाळेत. पासपोर्ट तेवढा अमेरिकन, म्हणून बिचारी दरवर्षी वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा टॅक्स फॉर्म न चुकता भरायची. तरी आता व्हर्जिनिया राज्याचं पत्र आलं होतं: तुम्ही आमच्याच रहिवासी दिसता, तर तीन वर्षांचे राज्याचे रिटर्न कुठे आहेत?

"पण तू तर इथे राहते ना. सिंपल आहे," नवरा मिहीर म्हणाला. त्याचा जन्मच इथला.

"सिंपल असतं तर रोजचा लंच ब्रेक मी त्यांच्या ऑफिसच्या फोनवर होल्डचं ते भिकार संगीत ऐकत घालवला असता का?"

शेवटी तिने क्रॉयडनच्या कस्तुरीला गाठलं. इथल्या अमेरिकन लोकांचे टॅक्स बघणं हाच तिचा धंदा.

"तू कुठे राहतेस एवढ्यावर भागत नाही गं," कस्तुरी म्हणाली. "परत जायचा विचार सोडलायस का, ते बघतात. तिथे तुझ्या नावावर काही आहे?"

होतं ना. कॉलेजातली लाल होंडा. तिचे बाबा तिथे एकटेच राहत, आणि त्या गाडीचं रजिस्ट्रेशन दरवर्षी तिच्याच नावावर रिन्यू करत. दर रविवारी गाडी सुरू करून एक चक्कर मारत. वर तिचं लायसन्सही त्यांनीच ऑनलाइन रिन्यू करून ठेवलेलं. कोणी सांगितली होती ही नसती उठाठेव?

कस्तुरीने उपाय सांगितला: गाडी विकायची, लायसन्स परत करायचं, आणि बाबांच्या सहीचं एक पत्र जोडायचं, की मुलगी कायमची गेली, अमुक तारखेपासून तिचा परतायचा विचार नाही.

अनुराधाने फोन लावला तो तणतणतच. "बाबा, कशाला सांभाळत बसलात ती गाडी? माझ्या डोक्याला नुसता ताप झालाय."

"अगं, दर दिवाळीला तूच म्हणतेस, दोनेक वर्षांत येतोच आम्ही. म्हटलं, आलीस की लगेच हाताशी गाडी हवी."

म्हणत होतीच ती. आई गेल्यापासून दर दिवाळीला फोन ठेवताना हेच एक वाक्य, त्यांना बरं वाटावं म्हणून. मनात तर इथेच राहायचं कधीच ठरलं होतं. इतका वेळ बाबांवर राग काढला, आता तिला स्वतःचाच राग यायला लागला.

तिने पत्राचं सांगितलं. बाबांनी कागद घेतला, सावकाश इंग्रजीत लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. "माझी मुलगी अनुराधा कायमची इंग्लंडला राहते. परत येण्याचा तिचा विचार नाही." मग म्हणाले, "हे त्यांच्यापुरतं लिहायचं, की खरंच?"

"खरंच, बाबा."

"बरं. तारीख कोणती घालू?"

नॉटिंगहॅमचं घर घेतलं तीच तारीख द्यायची होती. पुरावा तेवढाच होता. "मे, दोन हजार सोळा."



"सोळाच्या जूनमध्ये तर मी गाडीला चारही टायर नवे घातले होते," बाबा म्हणाले. मग त्यांनी मे महिन्याचं स्पेलिंग विचारलं, जसं काही ते त्यांना येतच नव्हतं.