हाताला झेपेल ते

जपानमधल्या सेंदाईत संशोधक नवऱ्यामागून आलेली विभा जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम कामाला जायची. कुणाचं काही बिनसलं की फोन तिलाच यायचा. त्या सकाळी ती बसच्या रांगेत उभी असताना टेक्सासहून नणंदेचा, जयंतीचा व्हिडिओ कॉल आला. विभा रांगेतून बाजूला झाली.

घटस्फोटानंतरही जयंतीचा नवरा तिच्या दाराशी येऊन उभा राहायचा. म्हणून ती पिस्तुलाच्या दुकानात आली होती.

"वहिनी, दादाला सांगू नकोस हं. हे छोटं पर्समध्ये बसतं. घेऊ?"

विभाने पिस्तूल कधी हातातही धरलं नव्हतं. "दुकानदार काय म्हणतो?"

"गोळी भरायला वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो ओढून बघा म्हणतो."

जयंतीला तो ओढता येईना. नवऱ्याने मोडलेलं मनगट अजून दुखत होतं. दुकानदाराने थोडं मोठं पिस्तूल दिलं; त्याची स्प्रिंग कमी ताठ होती, वरचा भाग सहज ओढला गेला.

"मग हेच घे. पण नीट शिकल्याशिवाय बाहेर नेऊ नकोस."

"तुला पटतंय ना?"

"नाही गं. पण तिथे तू एकटी आहेस."

जयंतीने ते घेतलं, शिकायलाही नाव नोंदवलं. तोवर बस निघून गेली होती. विभा बाकावर बसली. उशीर होईल असं कारखान्यात कळवायला हवं होतं, पण पुन्हा फोन उचलायचं त्राणच तिच्यात नव्हतं.